म्हशीवाली आजी

वाल उपटायचा तो दंवात. उन्हं चढली की शेंग कोरडी पडते, रोपाला नुसता हात लागला तरी तडकते आणि दाणे जमिनीच्या भेगांत जातात. म्हणून फटफटायला लागलं तशा वाडीतल्या बायका सोनुबाईच्या रानात उतरल्या. सावड होती. आज सगळ्यांनी हिच्या रानात राबायचं, नंतर आनंदीबाईच्या, मग पुढचीच्या. मजुरी कोणी कोणाला देत नव्हतं. दिलेला दिवस तेवढा फेडायचा.

वरचा तुकडा अर्धाअधिक उपटून झाला होता. ओल्या मुळांचा वास सुटला होता. सोनुबाईचा नवरा मोरू गुडघा धरून बांधावर बसला होता आणि उपटलेल्या रोपांच्या जुड्या बांधत होता.

"सोनुबाय, तुज्या म्हातार्‍यानं पेरलंय का नुसतं उडवलंय गं? इथं दाट, तिथं टक्कल," आनंदीबाई म्हणाली.

"आपल्या डोक्यासारखं पेरलंय त्यानं."

बायका हसल्या. मोरूही टोपी चाचपून हसला.

बोलणं मग नळावर आलं. जिल्हा परिषदेची निवडणूक लागली होती आणि मागच्या खेपेला निवडून आलेले विपुलशेठ पुन्हा उभे होते. त्यांनी वाडीत घरटी नळ बसवून दिले होते. बसवले त्या दिवशी फोटो निघाले. पाणी काही आलं नाही.

"नळाला नावं ठेवू नका गं," आनंदीबाई म्हणाली. "सोनुबायच्या म्हशीला बांधायला बरा पडतो. शेठनी म्हशीची सोय केली, आपली र्‍हायली."

हसता हसता आनंदीबाईची सून सोनाली खालीच बसली.

तेवढ्यात खोपोलीकडून आलेली एक मोटारसायकल रस्त्याला थांबली. पाठीवर पिशवी अडकवलेला एक मुलगा बांधावरून तोल सावरत आला. हातातल्या माइकला ठोकळा होता आणि ठोकळ्यावर 'घाटाखाली लाईव्ह' असं लिहिलेलं होतं.

"नमस्कार. मी स्वप्नील. निवडणुकीवर दोन शब्द बोलाल का कोणी?"

"सोनुबायला विचार," बायका म्हणाल्या. "रान तिचं हाय."

सावडीत ही रीतच होती. ज्या रानात काम, त्या घरची बाई त्या दिवशीची यजमानीण. येणार्‍याजाणार्‍याला पाणी तिने विचारायचं, बोलायचं असेल ते तिने बोलायचं. बाकीच्या हाताखालच्या.

"मला काय कळतं रं त्यातलं?"

"आजी, जे कळतं तेच बोला."

"आजी कोनाला म्हनतो? नातू झाला नाय अजून."

"बरं, मावशी. विपुलशेठनी तुमच्या वाडीला काय दिलं?"

सोनुबाईने मागे पाहिलं. बायका तोंडाला पदर लावून खुदखुदत होत्या. आनंदीबाई डोळ्यांनीच म्हणत होती, सांग की.

"नळ दिला ना. लई चांगला नळ हाय," सोनुबाई म्हणाली. "म्हस बांधायला बरा पडतो. शेठनी म्हशीची सोय केली, आमची र्‍हायली."

मागे बायका खदखदून हसल्या. स्वप्नीलही हसला. त्याने फोन फिरवून बायकांना घेतलं, रानाला घेतलं, मोरूला घेतलं. मग म्हशीचा फोटो काढायला वाडीकडे गेला.

संध्याकाळी सून हर्षलाने फोन पुढे धरला. पडद्यावर सोनुबाई होती आणि तिच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'म्हशीवाल्या आजीने शेठला धुतलं!' मागे ढोल वाजत होते. ती बोलून झाली की म्हैस यायची, मग पुन्हा ती, पुन्हा म्हैस.

"मी आशी दिसते?" सोनुबाई म्हणाली.

"लोकांना लई आवडलंय, आत्या. खाली त्यांनी विचारलंय पण. आजी खरं बोलली का? होय का नाय, ते दाबायचं."

"आनि?"

"होय जास्त आलेत."

रात्रपाळीला निघालेला सुनील, सोनुबाईचा मुलगा, दारात बूट घालत होता. "आमच्या कंपनीच्या ग्रुपवर पन आलाय," तो म्हणाला. तो हसला नाही.

सकाळी सोनुबाई खालच्या तुकड्यात जाऊन उभी राहिली. हा तुकडा वरच्याहून मोठा. दंव भरपूर होतं, पावलं भिजत होती. वाडीकडून हर्षला आली. मागून काठी टेकत मोरू आला. पलीकडच्या रानांत धुरासारखं धुकं होतं आणि माथेरानच्या डोंगराला अजून उजेड लागला नव्हता. त्या वाटेनं आणखी कोणी आलं नाही.

"वाट बगत र्‍हायलो तर ऊन व्हईल," मोरू म्हणाला.

तिघं वाकली. खालच्या तुकड्याचा एक कोपरा होईतो दंव उडालं. सोनुबाईने पुढचं रोप धरलं तर मुठीत तड् झालं आणि दाणे तिच्या पायांवर पडले. तिने हात सोडला.

घरी आली तर ओट्यावर मनोज बसला होता. विपुलशेठचा माणूस. पांढरा शर्ट, पायातल्या चपला नीट जोडून बाजूला ठेवलेल्या. तो उठून तिच्या पाया पडला.

"मावशी, तुमी आमच्या आईसारख्या. पन आसं काय बोललात ओ? शेठना लई लागलं."

"मस्करी झाली रं ती."

"मला कळतं. लोकांना कळत नाय ना. काल रात्री कर्जतला शेठ भाषणाला उठले तर मागून पोरं हंबरली. म्हशीवानी." त्याने चपला पायात सरकवल्या. "त्या व्हिडिओत मागं सगळ्या बाया दिसतात. मी कोनाला काय बोललो नाय. नुसता घरोघरी जाऊन विचारून आलो, तुमी होता का म्हनून."

पाणी न पिता तो गेला.

दुपारी सोनुबाई आनंदीबाईकडे गेली. आनंदीबाई सुपात तांदूळ निवडत होती. ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. सोनालीने आत जाऊन दार ओढून घेतलं.

"आज आली नाय?"

"कंबर धरली माजी."

"सगळ्यांच्याच कंबरा धरल्या?"

आनंदीबाईची बोटं सुपात फिरत राहिली. "सोनालीला अंगनवाडीत लागायचंय, ते शेठच्या शब्दावर हाय. तुला म्हाईत हाय."

"ती म्हशीची गोष्ट तुजीच होती गं."

"हळू बोल." आनंदीबाईने दाराकडे पाहिलं. "म्हनून तर भ्या वाटतं. तू सांगितलंस का कोनाला?"

"नाय."

"नको सांगू. सोनुबाय, तुज्या रानात यायला मला कंबर आडवी येत नाय गं. कॅमेरा येतो तुज्या रानात."

ते खरं होतं. दुसर्‍या दिवशी स्वप्नील पुन्हा आला. सोनुबाई खालच्या तुकड्यात एकटीच होती. दंव उडून गेलं होतं, तरी घरी बसवत नाही म्हणून ती नुसती सांडलेले दाणे वेचत होती.

"आजी, तुम्ही तर फेमस झालात."

"बाबा, ते काढून टाक."

"काय?"

"ते व्हिडिओ. पाया पडते तुज्या."

स्वप्नील बांधावर बसला. चेहरा रात्र जागून काढल्यासारखा होता. "मी काढला तरी काय होणार? सगळ्यांनी उचललाय. साईराजदादांच्या पोरांनी त्यावर गाणं केलंय." साईराज म्हणजे शेठच्या समोरचा उमेदवार. "आणि खरं सांगू का, आमच्या चॅनलला एवढी माणसं कधी आली नव्हती. निवडणूक हाच आमचा हंगाम. तुमचा वाल तसा. आता निघाला तर निघाला, नंतर कोण विचारतंय?"

"मग माज्या वालाचं काय?"

"का? काय झालं?"

तिने सांगितलं. सांगायला नको होतं, पण गेल्या दोन दिवसांत तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. सावडीला कोणी आलं नाही, शेंगा तडकतात, सून आणि म्हातारा किती करणार. सांगताना तिला रडू आलं. पदराने डोळे पुसून तिने वर पाहिलं तेव्हा त्याच्या छातीशी धरलेला फोन तिच्याकडे वळलेला होता.

"हे लोकांना कळलं पाहिजे, आजी," तो म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत असावं.

संध्याकाळी नवीन व्हिडिओ आला. 'खरं बोलल्याची शिक्षा! म्हशीवाल्या आजीवर वाडीचा बहिष्कार?' मागे सनई. खाली लोकांनी वाडीतल्या बायकांना शिव्या घातल्या होत्या. हर्षला वाचत गेली तसा तिचा आवाज बारीक होत गेला.

"पुन्हा विचारलंय," ती म्हणाली. "तुम्ही आजीच्या बाजूनं आहात का?"

"काय म्हनतात?"

"सगळे होय म्हनतात."

"मग त्यातलं येतंय का कोन उपटायला?"

हर्षलाने फोन पालथा ठेवला. बाहेर कोणीतरी घरावर खडा मारला. पत्र्यावरून तो घरंगळत आला आणि अंगणात पडला. पोरांचं काम असेल, मोरू म्हणाला. दुसर्‍या दिवशी पाणवठ्यावर सोनुबाईची पाळी आली तेव्हा बायकांनी आपापले हंडे उचलून बाजूला घेतले. तिला वाट दिली. एवढी वाट तिला कधी कोणी दिली नव्हती.

व्हिडिओखाली 'होय' म्हणणार्‍यांतलं कोणी आलं ते टेंपोतून. सोनुबाई तेव्हा लाकडांना गेली होती. साईराजदादांचा एक कार्यकर्ता मोरूला म्हणाला, "काका, काळजी नको. वीस पोरं आणल्येत. आजीचा वाल आम्ही काढतो." मोरू बरं म्हणाला. काय म्हणणार? गुडघ्याला तेल चोळत ओट्यावर बसून त्याला रोज शेंगांचं तडतडणं ऐकू आल्यासारखं होई.

लाकडांचा भारा डोक्यावर घेऊन ती वळणावर आली तर खालच्या तुकड्यात गळ्यात पक्षाचे कापडी पट्टे घातलेली पोरं पसरली होती. उन्हं चांगली चढली होती. पोरं रोपं खसाखस ओढत होती, ओढून वर धरत होती, हलवत होती. एक जण फोनसमोर ओरडत होता, "भावांनो, आजीसाठी एक शेअर तर बनतोच!" प्रत्येक ओढीला दाणे उडत होते. रानभर नुसतं तड, तड, तड.

भारा टाकून ती धावत सुटली. "आरं थांबा! आरं उन्हात नाय उपटत! थांबा रं!"

"आजी आल्या, आजी आल्या," पोरं म्हणाली. दोघांनी तिला मध्ये उभं केलं. एकाने तिच्या गळ्यात पट्टा घातला. ती ओरडत होती ते त्या जयघोषात कोणालाच ऐकू गेलं नाही. बांधाबांधावर वाडीतल्या बायका येऊन उभ्या होत्या. आनंदीबाईही होती. वाल कसा सांडतोय ते त्या सगळ्यांना दिसत होतं. आनंदीबाईने एकदा हात वर केला, काही ओरडायला तोंड उघडलं, मग फोन घेतलेला पोरगा तिकडे वळला तशी ती पाठ करून चालू लागली.

टेंपो लवकरच गेला. पोरांना आणखी दोन गावं करायची होती. खालचा तुकडा निम्मा मोडला होता. रोपं आडवीतिडवी पडली होती, मुळं वर, शेंगा उघड्या. सोनुबाई बसली आणि एकेक दाणा वेचू लागली. मोरू जवळ आला.

"तू बरं म्हनालास?"

"मला वाटलं मान्सं आली..."

"मान्सं!" ती म्हणाली. गळ्यातला पट्टा तिने काढला आणि त्यातच दाणे बांधायला घेतले, कारण दुसरं फडकं जवळ नव्हतं.

दुसर्‍या सकाळी मनोज पुन्हा आला. या वेळी चपला न काढता अंगणातच उभा राहिला. सुनील रात्रपाळीहून आला होता आणि भिंतीला टेकून बसला होता.

"मावशी, तुमी समोरच्यांचा पट्टा घातला."

"मी घातला नाय. त्यांनी घातला."

"व्हिडिओत तसं दिसत नाय."

सुनील म्हणाला, "मनोजभाऊ, आईला काय करायला लागंल ते सांगा. माजा सुपरवायझर रोज विचारतो, म्हशीवाली तुजी कोन."

"काय नाय. दोन वाक्यं. नळाला पानी येतं म्हनून सांगायचं."

"पानी येत नाय," सोनुबाई म्हणाली.

"येईल ना. उद्या येईल. मग खोटं कुठं झालं?" मनोज म्हणाला. मग आवाज उतरवून म्हणाला, "बाया यायला तयार हायत, मावशी. त्यांचा पन जीव तुटतो. उरलेला वाल दोन दिवस धरंल. तेवढं बोला आनि मोकळ्या व्हा."

तिने मोरूकडे पाहिलं आणि मान डोलावली.

पाणी खरंच आलं. टँकर आला, वळणाआड उभा राहिला आणि त्याचा पाईप नळाच्या पाईपला जोडला. म्हैस सोडून दुसरीकडे बांधली, शेण उचललं, नळावरचा गंज पुसला. व्हिडिओ काढायला स्वप्नीलच होता.

"तू?" सोनुबाई म्हणाली.

"दोघांच्याही जाहिराती आम्हीच करतो, आजी." तो तिच्याकडे न बघता फोन तिकाटण्यावर बसवत होता.

वाडीतल्या बायका हंडे घेऊन आल्या होत्या. मनोजने त्यांना वडाच्या सावलीत थांबवलं. शूटिंग झालं की भरा, म्हणाला.

नळ सोडला. पाणी हंड्यात पडू लागलं. हंडा भरला तशी ती बोलली, "नळाला पानी येतं. मी मस्करी केली व्हती."

"आजी, जरा हसून."

"परत?"

"हंडा रिकामा करा. भरताना दिसायला पाहिजे."

तिने भरल्या हंड्याकडे पाहिलं. मग वडाखालच्या बायकांकडे. "ह्ये त्यांच्यात वतू का?"

"नको, त्या फ्रेममध्ये येतील. इथंच ओता."

तिने हंडा कलता केला. पाणी मातीत गेलं. वडाखालून कोणीतरी च् केलं. दुसर्‍यांदा ती हसली, पण टँकरचा हॉर्न वाजला. पुन्हा ओतायला लागलं. तिसर्‍यांदा सगळं बरोबर आलं, तर मनोजला शेठचं नाव हवं होतं. चिखल झाला होता. तिचे पाय त्यात रुतले होते आणि लुगड्याचा काठ भिजून पोटर्‍यांना चिकटला होता. शेवटी ती म्हणाली, "विपुलशेठनी पानी दिलं. माजं चुकलं." या खेपेला कोणी तिला हसायला सांगितलं नाही.

बायकांचे हंडे भरायला लागले तोवर टँकरचं पाणी तळाला गेलं होतं. चौघींचे भरले. नळाने फुस् केलं आणि थांबला.

'म्हशीवाल्या आजीचा यू-टर्न! दबाव की पश्चात्ताप? कमेंटमध्ये सांगा.' हर्षलाने हे वाचून दाखवलं नाही. सोनुबाईनेही विचारलं नाही. पण कोणाच्या तरी घरात तो व्हिडिओ लागला होता आणि तिचाच आवाज गल्लीतून येत होता. माजं चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा, माजं चुकलं.

सकाळी ती खालच्या तुकड्यात गेली. दंव चांगलं पडलं होतं. तिला वाटलं होतं कोणी येणार नाही. मग धुक्यातून एक आली, मागून दुसरी, मग तिघी. सगळ्याच आल्या. "या गं," म्हणायला ती पुढे झाली आणि थांबली.

सगळ्यांनी तोंडं बांधली होती. ओढणी, टॉवेल, जुना पदर, काय मिळेल ते डोळ्यांखालपर्यंत घट्ट. रस्त्यावरून कोणी फोन धरला तर कळू नये कोण ती.

त्या ओळीने वाकल्या. कामात खोट नव्हती. रोप बुडाशी धरायचं, जरा डावीकडे झुकवायचं, मग उचलायचं, शेंगेला धक्का लागू न देता. हात सराईत होते. पण एरवी या वेळेला रानात जो कालवा असे तो नव्हता. मुळं सुटायचा आवाज तेवढा येत होता. मोरू जुड्या बांधत होता.

ऊन यायच्या आत उरलेला वाल निघाला. सोनुबाईने चहा आणला. बायका रस्त्याकडे पाठ करून बसल्या, फडकं हनुवटीपर्यंत ओढून चहा पीत राहिल्या आणि कप ठेवून पुन्हा वर ओढलं. एकीच्या हातावर गोंदण होतं, त्यावरून तिने आनंदीबाईला ओळखलं.

"सोनालीचं झालं का गं काम?" तिने हळूच विचारलं.

आनंदीबाईने आधी रस्त्याकडे पाहिलं. "बगू," ती म्हणाली. मग उठली, गुडघ्यावरची माती झटकली आणि निघता निघता वाकून, तिच्या कानाशी, फडक्याआडून म्हणाली, "उद्या आमच्यात ये. दिवस फेडायला." आणि दोन पावलं जाऊन मागे फिरून, "तोंड बांधून ये."

सोनुबाईने रात्री मोरूचा जुना टॉवेल धुऊन वलणीवर टाकला. फटफटायच्या आधी तो अजून ओलाच होता. तिने तो नाकावरून घेतला, मानेमागे गाठ मारली, एकदा सैल वाटली म्हणून सोडून पुन्हा आवळली. आपलाच श्वास गरम होऊन परत तोंडावर येत होता. बांधावर पुढे-मागे तशाच तोंड बांधलेल्या बायका चालल्या होत्या. कोणी कोणाला हाक मारली नाही.

आनंदीबाईच्या रानात तिला कडेची ओळ मिळाली. ती वाकली आणि पहिलं रोप बुडाशी धरलं. शेजारच्या ओळीत कोणीतरी दबल्या आवाजात खोकलं. कोण ते तिला कळलं नाही, आणि तिने वळून पाहिलं नाही.